छेदात करणी राहिली तर उत्तर चुकते का?

प्रश्न
कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी कोरडवाहू शेती करतो आणि संध्याकाळी घरच्या छपरीत गावातील सात-आठ मुलांना गणित शिकवतो. शिकवणी म्हणावी इतके ते मोठे नाही. माझी पुतणी इयत्ता नववीत आहे, तिच्याबरोबर शेजारची मुले येऊन बसतात, एवढेच. माझे स्वतःचे शिक्षण बारावीनंतर थांबले, त्यामुळे जेथे मी अडतो तेथे सगळी छपरी अडते.

मागच्या आठवड्यात घटक चाचणीचे पेपर परत मिळाले. एका उदाहरणाचे उत्तर पुतणीने १/√२ असे लिहून सोडले होते, म्हणजे छेदात करणी (√ चिन्हाखालची, पूर्ण न सुटणारी संख्या) तशीच ठेवली होती. त्यावर लाल शाईने "छेदाचे परिमेयीकरण करा" असा शेरा होता आणि दोनपैकी एक गुण कापलेला होता. गुण गेल्याचे तिला फारसे वाटले नाही, पण घरी आल्यावर तिने विचारले, "काका, खाली करणी ठेवली तर काऊन नाही चालत? वर ठेवली तर कशी चालते?" मी अंश आणि छेद दोन्हींना √२ ने गुणून √२/२ करून दाखवले. ते तिला येतच होते. तिने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १/√२ आणि √२/२ या दोन्ही राशी काढल्या, दोन्हींचे उत्तर ०.७०७१०६७८ असे आले, आणि मग तिने माझ्याकडे असे पाहिले की मला उठून बैलांना पाणी दाखवायला जावे लागले.

पुस्तकात रीत स्वच्छ दिली आहे: द्विपद करणीची अनुबद्ध जोडी (मधले चिन्ह बदललेली तीच राशी) घ्यावी, तिने अंश व छेद यांना गुणावे, छेद परिमेय होतो, म्हणजे त्यात करणी उरत नाही. परंतु छेद परिमेय करायचाच कशाला, हे मला मुलांच्या गळी उतरेल अशा शब्दांत सांगता येत नाही. "तसा नियम आहे" हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही.

दुसरे असे की, कारण न कळल्यामुळे मुले रीतही मोडून टाकतात. एकाने "करणी घालवायची म्हणजे वर्ग करायचा" असे समजून १/√२ चे सरळ १/२ केले. दुसऱ्याने १/(√५ + √३) मध्ये अंश व छेद यांना √५ + √३ नेच गुणले आणि करणी जात का नाही म्हणून वहीची दोन पाने भरली. तिसऱ्या मुलाने तर १/(√५ + √३) = १/√५ + १/√३ असे लिहिले. या चुका कोठून उगवतात आणि मुळातून कशा काढाव्यात, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

उत्तर १
निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

आपल्या पुतणीने विचारलेला प्रश्न मला तीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या मुलांनी विचारला, आणि खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे मीही "तसा नियम आहे" हेच उत्तर देत होतो. प्रथम तिला निःशंकपणे सांगा की १/√२ ही संख्या चूक नाही. १/√२ आणि √२/२ ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत, कॅल्क्युलेटरने तेच दाखवले. गुण कापला गेला तो संख्या चुकली म्हणून नव्हे, तर उत्तर ठरलेल्या रूपात आणले नाही म्हणून. आता हे रूप कोणी आणि कशासाठी ठरवले, एवढाच प्रश्न उरतो.

याचे जुने कारण हाताने करायच्या भागाकारात आहे. मुलांकडून मोबाईल काढून घ्या आणि १ ला √२ ने भागायला सांगा. √२ = १.४१४२१३५६… हा भाजक कधी संपत नाही, म्हणून भागाकार सुरू करण्याआधीच तो कोठेतरी तोडावा लागतो. समजा १.४१४ वर तोडला, तर १ ÷ १.४१४ हा भागाकार म्हणजे १००० ला १४१४ ने भागणे, आणि तेथे १४१४ चा पाढा कोणाला येतो? बरे, तो कसाबसा केला आणि नंतर कोणी म्हणाले की आणखी दोन स्थळे हवीत, तर केलेला सगळा भागाकार पुसून १.४१४२१ हा नवा भाजक घेऊन पहिल्यापासून बसावे लागते. उलट √२/२ मध्ये भाजक २ आहे. १.४१४२१३५६ चे अंक एकेक खाली उतरवत जायचे आणि निम्मे करत जायचे: ०.७०७१०६७८. आणखी अंक हवे असतील तर आणखी अंक उतरवायचे, आधीचे काही पुसावे लागत नाही. ज्याच्या हाताशी लॉगची कोष्टके होती त्याला दोन्ही रूपे सारखीच सोपी होती हे खरे, पण नववीच्या मुलाजवळ पाटी आणि बोटेच होती.

आपण कपाशीवाले आहात, म्हणून शेतातलेच उदाहरण देतो. चौफुलीवर तीन-तीन फुटांनी सरकी लावली की उभ्या आणि आडव्या ओळींत ३६ इंचांचे अंतर पडते. पण धुऱ्याच्या कोपऱ्यावर उभे राहून पाहिले की तिरप्या ओळीही तितक्याच सरळ दिसतात. त्या दोन तिरप्या ओळींतील अंतर किती? चौरसाचा कर्ण ३६√२ इंच असतो आणि तिरप्या ओळी एकमेकींपासून कर्णाच्या निम्म्या अंतरावर असतात, किंवा दुसऱ्या रीतीने काढले तर ते अंतर ३६/√२ इंच येते. आता हे ३६/√२ तोंडी काढून पाहा. अवघड जाईल. तेच परिमेयीकरण करून १८√२ लिहा: अठरा गुणिले १.४१४, म्हणजे साधारण साडेपंचवीस इंच. तेवढ्या जागेतून डवऱ्याची (कोळप्याची) कोणती पास (पाते) निघेल, हे मुले धुऱ्यावरच सांगू शकतील.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तीन मुलांनी एकच उदाहरण सोडवले आणि एकाने ६/√१२, दुसऱ्याने ३/√३ व तिसऱ्याने √३ असे उत्तर लिहिले, तर तिघांचेही बरोबर आहे, पण पाहणाऱ्याला ते दिसत नाही. याहून फसवे उदाहरण घ्यायचे तर (√३ + १)/(√३ − १) आणि १/(२ − √३) या दोन राशी घ्या. नुसत्या नजरेने त्या सारख्या आहेत असे कोणीही म्हणणार नाही. पहिलीच्या अंशछेदांना √३ + १ ने गुणले की (४ + २√३)/२, म्हणजे २ + √३ मिळते. दुसरीच्या अंशछेदांना २ + √३ ने गुणले की छेद ४ − ३ = १ होतो आणि तिचेही २ + √३ च होते. छेद परिमेय केला की प्रत्येक अशी संख्या अ + ब√३ या साच्यात बसते, जेथे अ आणि ब परिमेय असतात. √३ अपरिमेय असल्यामुळे एका संख्येसाठी असे अ आणि ब एकाच प्रकारे मिळतात, दुसरी जोडी निघूच शकत नाही. म्हणून तर परीक्षेत "डावी बाजू = अ + ब√३ असल्यास अ आणि ब च्या किमती काढा" असा प्रश्न विचारता येतो. साचा एकमेव नसता तर तो प्रश्नच निरर्थक ठरला असता.

बेरजेतही हेच घडते. १/(१ + √२) + १/(√२ + √३) + … + १/(√८ + √९) ही आठ पदांची बेरीज फळ्यावर लिहा आणि मुलांना पाच मिनिटे तशीच झगडू द्या. नंतर प्रत्येक पदाचे परिमेयीकरण करायला सांगा. पदे √२ − १, √३ − √२, √४ − √३ अशी होत जातात, मधली सगळी एकमेकांना खातात आणि शेवटी √९ − १ = २ एवढेच उरते. माझ्या वर्गात या उदाहरणानंतर "कशाला करायचे" असे फारसे कोणी विचारत नसे.

चुकांबद्दल थोडक्यात लिहितो. वर्ग करणाऱ्या मुलाला अपूर्णांक हा संख्येचा पोशाख आहे आणि पोशाख बदलताना माणूस बदलता कामा नये, असे मी सांगत असे. √२/√२ ने गुणणे म्हणजे १ ने गुणणे, म्हणून किंमत तीच राहते, पण वर्ग करणे म्हणजे १/√२ ला पुन्हा १/√२ ने गुणणे, त्यामुळे ०.७०७ चे ०.५ होते. त्याला दोन्ही दशांश किमती स्वतः काढायला लावा. √५ + √३ नेच गुणणाऱ्याला (√५ + √३)² चा विस्तार पूर्ण लिहायला सांगा. ५ + ३ + २√१५ यातील मधले पद हाच सारा घोटाळा आहे, आणि ते पद कापले जावे एवढ्यासाठीच अनुबद्ध जोडीत चिन्ह बदलायचे असते: (√५ + √३)(√५ − √३) = ५ − ३ = २. काही मुले दोन्ही पदांची चिन्हे बदलून −√५ − √३ घेतात, त्यांचेही मधले पद शिल्लकच राहते. तिसऱ्या मुलाला करणी बाजूला ठेवून १/(२ + २) आणि १/२ + १/२ या दोन राशी काढायला द्या. एक पाव येते आणि दुसरी एक.

आणखी एक सवय लावा: परिमेयीकरणाला हात घालण्यापूर्वी करणी सरळरूपात आणावी. ५/√७२ मध्ये √७२ ने गुणत बसण्यापेक्षा √७२ = ६√२ लिहिले तर नुसत्या √२ ने गुणून ५√२/१२ मिळते. मोठ्या आकड्यांत मुले जेवढी चुकतात तेवढी रीतीत चुकत नाहीत.

उत्तर २
संत्रा बागाईतदार, वरुड तालुका

गुरुजींनी कपाशीचे उदाहरण दिले, म्हणून संत्र्याचेही सांगतो. आमच्याकडे बाग बहुधा ६ मीटर × ६ मीटर अशी चौरस लावतात. एका झाडाला ३६ चौरस मीटर जागा, म्हणजे हेक्टरी १०,००० ÷ ३६ = २७७ झाडे. षट्कोनी पद्धतीने लावली तर पंधरा टक्के झाडे जास्त बसतात असे पुस्तकात लिहिलेले असते. हे पंधरा टक्के येतात कोठून, हे मला माझ्या मुलाने त्याच्या नववीच्या वर्षी वहीवर काढून दाखवले, तोवर मी तो आकडा नुसता पाठ म्हणत होतो.

षट्कोनी लागवडीत झाडाझाडांत सगळीकडे ६ मीटरच अंतर असते, पण ओळी एकमेकींच्या जवळ सरकतात. दोन ओळींत ६ × √३/२ = ३√३ मीटर, म्हणजे सुमारे ५.२ मीटर अंतर पडते. एका झाडाच्या वाट्याला ६ × ३√३ = १८√३ चौरस मीटर जागा येते. म्हणून हेक्टरी झाडे = १०,०००/(१८√३). आता √३ = १.७३२ घेऊन १८ ने गुणा, ३१.१७६ येते, आणि १०,००० ला ३१.१७६ ने भागत बसा. मुलाने असे न करता आधी परिमेयीकरण केले: १०,०००√३/५४, म्हणजे १७,३२० ला ५४ ने भागणे. ३२० झाडे आणि वर थोडे. दोन पद्धतींचे गुणोत्तर २/√३ = २√३/३, म्हणजे ३.४६४ चा तिसरा हिस्सा, १.१५४ च्या थोडे वर. हे तोंडी येते, आणि पंधरा टक्केही येथेच सापडतात.

छेदात करणी ठेवून भागल्यास चूक जास्त येते आणि वर नेल्यास उत्तर अचूक येते, हा फायदाही लक्षात घ्यावा.

उत्तर ३
वीजतंत्र निदेशक, अमरावती जिल्हा

बागाईतदार भाऊंच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, कारण ते काही ठिकाणी खरे आहे आणि काही ठिकाणी नाही. √२ = १.४१४ घेऊन १ ÷ १.४१४ केले तर ०.७०७२१… येते आणि १.४१४ ÷ २ केले तर ०.७०७ येते. खरी किंमत ०.७०७१०६७८ आहे. म्हणजे एक उत्तर जवळपास ०.०००१०७ ने जास्त आहे आणि दुसरे तेवढ्यानेच कमी आहे. एकेरी करणीच्या बाबतीत श्रम वाचतात, अचूकता मात्र वाढत नाही.

अचूकता वाढते ती छेदात दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी असते तेव्हा. १/(√५० − ७) घ्या. √५० = ७.०७ धरले तर छेद ०.०७ आणि उत्तर १४.२८५७. परिमेयीकरण केले तर ही राशी √५० + ७ होते, आणि त्याच ७.०७ वरून उत्तर १४.०७ येते. खरी किंमत १४.०७१०… आहे. पहिल्या रीतीत ७ ला ७ खाऊन गेला आणि आपल्याजवळ विश्वासाचा एकच अंक उरला, त्या एका अंकावर भागाकार उभा केला तर तो डगमगणारच.

आता माझी मूळ तक्रार सांगतो. "छेदात करणी नको" हा नियम मुलांच्या मनात इतका पक्का बसतो की, उलटे करायची वेळ येते तेव्हा ती अडतात. √१०००१ − १०० ही राशी पाहा. येथे छेदच नाही, मग नियमाप्रमाणे सगळे ठीक आहे. पण आठ अंकी कॅल्क्युलेटरवर √१०००१ = १००.००४९९ असे दिसते, त्यातून १०० वजा केले की ०.००४९९ एवढेच तीन अंक हाती येतात. हीच राशी १/(√१०००१ + १००) अशी लिहिली, म्हणजे करणी मुद्दाम खाली नेली, तर १ ÷ २००.००४९९ = ०.००४९९९८७… मिळते, आणि तेवढे सगळे अंक खरे असतात. ज्या युक्तीने छेद परिमेय केला त्याच युक्तीने येथे अंश परिमेय केला. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्याला कधी वर न्यावे आणि कधी खाली, हे समजले पाहिजे.

आमच्या धंद्यात तर करणी खाली ठेवायला कोणी संकोच करत नाही. शेतातल्या तीन फेजच्या मोटरपंपासाठी दोन तारांतील दाब ४१५ व्होल्ट धरला तर एक तार आणि न्यूट्रल यांच्यातील दाब ४१५/√३, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट, असेच आम्ही लिहितो. ४१५√३/३ असे लिहिलेले मी आजवर पाहिलेले नाही, कारण ४१५/√३ वाचताना मोजलेला दाब आणि त्याला भागणारा √३ हे दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. दहावीच्या त्रिकोणमितीच्या कोष्टकातही ४५ अंशांची ज्या (sin) १/√२ आणि ३० अंशांची स्पर्शज्या (tan) १/√३ अशीच छापलेली असते. एका वर्षी गुण कापायचे आणि दुसऱ्या वर्षी तेच पाठ करायला द्यायचे, यातून मुलांचा गोंधळ वाढतो असे माझे मत आहे.

उत्तर ४
निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

निदेशक साहेबांचे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. अंशाच्या परिमेयीकरणाबद्दल मी लिहायला हवे होते. कोष्टकाचा मुद्दाही रास्त आहे, मात्र तेथे १/√२ हे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचे गुणोत्तर म्हणून उभे असते आणि बाजू दिसाव्यात म्हणून ते तसेच ठेवतात. नववीच्या प्रश्नात "सरळरूप द्या" किंवा "छेदाचे परिमेयीकरण करा" असे स्पष्ट विचारलेले असेल तर ते करावे, आणि विचारलेले नसेल तर १/√२ साठी गुण कापू नये, असे मी शिक्षक असताना वागत आलो. आपल्या पुतणीच्या पेपरात प्रश्नाचे शब्द काय होते, ते एकदा पाहा.

उत्तर ५
पोथीवाचक, बुलढाणा जिल्हा

"असा नियम कोणी केला" या प्रश्नाला एक जुने उत्तरही आहे. करणी हा शब्द शुल्बसूत्रांतला. तेथे यज्ञवेदीची मापे दोरीने घेत, आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस ज्या बाजूवर उभा राहतो तिला द्विकरणी म्हणत, म्हणजे आपले √२. बौधायनाने तिची किंमत १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) अशी दिली आहे. हे सगळे एकत्र केले तर ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५… येते. पाचव्या दशांश स्थळापर्यंत ती बरोबर आहे.

परिमेयीकरणाची रीत भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'बीजगणिता'त जवळजवळ आजच्याच रूपात आहे. ते √२ ला "क २" आणि √३ ला "क ३" असे लिहीत आणि ऋण करणीवर टिंब देत. भागाकाराचा त्यांचा नियम असा: छेदातील हव्या त्या एका करणीचे चिन्ह उलटे करावे, तशा छेदाने भाज्य आणि भाजक या दोहोंना गुणावे, आणि छेदात एकच करणी उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. अनुबद्ध जोडी यापेक्षा निराळी काय आहे? पण येथे एक बारकावा आहे. भास्कराचार्य एका करणीवर थांबतात, करणी मुळीच नको असे म्हणत नाहीत, कारण एका करणीने दुसऱ्या करणीला सरळ भागता येते. म्हणजे त्यांना छेद परिमेय करण्यापेक्षा भागाकार करता येण्याजोगा करायचा होता. पाटण हे चाळीसगावजवळचे ठिकाण आपल्याकडून फार दूर नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख तेथे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे आभार. गुरुजी, प्रश्नात "सरळरूप द्या" असे शब्द होते, म्हणजे गुण कापला तो नियमाने कापला. काल संध्याकाळी १००० ला १४१४ ने भागायचा खेळ छपरीत झाला. चार मुलांनी चार उत्तरे आणली. नंतर १.४१४२१३५६ चे निम्मे करायला दिले, तेव्हा सर्वांत लहान, सहावीतला मुलगाही बरोबर निघाला. वर्ग करणाऱ्याला ०.७०७ आणि ०.५ हे दोन्ही आकडे समोर दिसले, तेव्हा तो स्वतःच हसला.

त्यातून नवे प्रश्न निघाले. पुतणीने विचारले की छेदात तीन पदे असली, जसे १/(१ + √२ + √३), तर अनुबद्ध जोडी कोणती घ्यायची? दुसऱ्या मुलीने विचारले की घनमूळ असेल तर काय करायचे, आणि तिसऱ्याने विचारले की १/π चे परिमेयीकरण का करत नाहीत.

उत्तर ६
निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

तिन्ही प्रश्न चांगले आहेत आणि पहिल्याचे उत्तर पोथीवाचकांनी आधीच सांगून ठेवले आहे: एका करणीचे चिन्ह उलटा. कोणत्या करणीचे, यात मात्र शहाणपण आहे. छेद (१ + √२) + √३ असा बांधा आणि अंशछेदांना १ + √२ − √३ ने गुणा. छेद (१ + √२)² − ३ होतो, म्हणजे ३ + २√२ − ३, आणि तीनातून तीन गेले की नुसते २√२ उरतात. आता √२ ने गुणले की काम संपले: उत्तर (२ + √२ − √६)/४. याउलट १ वेगळा काढून √२ + √३ एकत्र ठेवले असते, तर छेद १ − (५ + २√६) = −४ − २√६ असा झाला असता आणि पुन्हा एकदा अनुबद्ध जोडी घ्यावी लागली असती. उत्तर तेच आले असते, पण शाई जास्त लागली असती. गुणण्यापूर्वी करणीखालच्या दोन संख्यांची बेरीज तिसरीएवढी होते का, एवढे पाहून घ्यावे. येथे १ + २ = ३ होते.

घनमुळाला √ ची युक्ती पुरत नाही, कारण ∛२ × ∛२ = ∛४, करणी तशीच राहते. २ चा पूर्ण घन होण्यासाठी दोन गुणक आणखी हवेत, म्हणून १/∛२ च्या अंशछेदांना ∛४ ने गुणावे: ∛४/२. छेद द्विपद असेल, जसे १/(∛३ − १), तर अ² − ब² चे सूत्र सोडून अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²) या सूत्राकडे जावे. अंशछेदांना ∛९ + ∛३ + १ ने गुणले की छेद ३ − १ = २ होतो आणि उत्तर (∛९ + ∛३ + १)/२ येते. दोन्ही बाजूंची किंमत २.२६१ च्या आसपास आहे, मुलांनी पडताळून पाहावी.

१/π चा प्रश्न मला फार आवडला. √२ अपरिमेय आहे, पण तिला स्वतःनेच गुणले की ती २ होते. ∛३ ला तीनदा घेतले की ३ होतात. म्हणजे या संख्या पूर्णांक सहगुणक असलेल्या कोणत्या तरी बहुपदी समीकरणाचे उत्तर असतात, आणि ते समीकरणच आपल्याला छेदातून बाहेर पडण्याची वाट दाखवते. π असे कोणत्याही समीकरणाचे उत्तर नाही, हे लिंडेमान या जर्मन गणितज्ञाने १८८२ मध्ये सिद्ध केले. म्हणून करण्या आणि पूर्णांक यांच्यापासून घडवलेल्या कोणत्याही राशीने १/π ला गुणले तरी π छेदातून निघत नाही. अंशछेदांना π ने गुणून π/π² करता येईल, पण त्यात खालचा π गेला कोठे?

मुलांसाठी गृहपाठ देतो: १/(√२ + √३ + √५) आणि १/(१ + √३ + √५). पहिले सोपे आहे, दुसरे मुद्दाम दिले आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
कपाशीवाला, यवतमाळ जिल्हा

पहिल्यात २ + ३ = ५ होते हे पुतणीने लगेच ओळखले. छेद २√६ झाला आणि उत्तर (२√३ + ३√२ − √३०)/१२ आले. दुसऱ्यात कोणतीच बेरीज जमेना, तेव्हा तिने १ + √३ एकत्र घेऊन छेद २√३ − १ केला आणि पुन्हा २√३ + १ ने गुणून ११ केला. तिचे उत्तर (७ + ३√३ − √५ − २√१५)/११ असे आहे. कॅल्क्युलेटरवर मूळ राशी आणि हे उत्तर दोन्ही ०.२०१२८ येतात. शेजारच्या मुलाचा छेद मात्र उणे ११ येतो आणि तो आपले चुकले असे धरून बसला आहे. त्याचे कोठे चुकले असेल?

उत्तर ७
निवृत्त गणित शिक्षक, वर्धा जिल्हा

त्याने बहुधा १ + √५ एकत्र घेतले असावे. मग पहिल्या गुणाकारानंतर छेद (१ + √५)² − ३ = ३ + २√५ होतो, आणि अनुबद्ध ३ − २√५ ने गुणल्यावर ९ − २० = −११. त्याच्या अंशात −७ − ३√३ + √५ + २√१५ असेल, तर काहीही चुकलेले नाही. अंश आणि छेद दोन्हींची चिन्हे बदलली की ते पुतणीचेच उत्तर आहे. दोघांनी वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात.